काम सुटल्यावर शरीर आणि मन कुठून ढासळू लागतं? मदत केंद्राच्या टिपणासाठी नेमकी माहिती हवी

पाळी_दुसरी

कामगार संघटनेच्या मदत केंद्रासाठी चार पानी टिपण लिहायचं आहे. ते अशा ठिकाणी वापरलं जाईल जिथे कारखाना बंद होण्याची नोटीस लागली आहे आणि शेवटच्या दिवसाला दोन-अडीच महिने आहेत. फिटर, वेल्डर, हेल्पर, पॅकिंगवाले, थोडे ऑफिसातले, बहुतेक चाळिशीच्या पुढचे. मदत केंद्रावर बसणारे स्वयंसेवक डॉक्टर नाहीत.

हे प्रश्न आहेत:

१. बेकारीमुळे माणूस आजारी पडतो, की आधीच आजारी असलेल्याचं काम आधी जातं? व्यवस्थापन हाच मुद्दा पुढे करतं.
२. तब्येतीचं नेमकं काय आणि कधी बघायचं?
३. मनाचं विचारायचं कसं? थेट विचारलं की लोक "बरंय" म्हणून विषय संपवतात.
४. "रिकामं बसू नका" हे सगळेच सांगतात. त्यापुढे काय सांगायचं?

---

आकडे_आणि_माणसं

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आजारी माणसाचं काम आधी जातं, हे होतंच. म्हणून अभ्यासकांनी मुद्दाम अख्खे कारखाने बंद झालेली उदाहरणं घेतली. तिथे धडधाकट, आजारी, कष्टाळू, कामचुकार सगळेच एकदम बाहेर पडतात. निवड तब्येतीवर होत नाही, त्यामुळे नंतर जी पडझड दिसते ती आजारी माणसं वेगळी काढल्याची नसते.

याच धर्तीचा, टिपणात घ्यावा असा अभ्यास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. डॅनियल सलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर या अर्थतज्ज्ञांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी टिकलेले पुरुष कामगार मोठ्या कपातीत बाहेर फेकले गेल्यावर पुढच्या वर्षभरात त्यांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा ५० ते १०० टक्क्यांनी जास्त निघाला. २० वर्षांनंतरही तो १० ते १५ टक्क्यांनी जास्तच होता. चाळिशीत काम गेलेल्या माणसाच्या आयुर्मानातून यामुळे साधारण एक ते दीड वर्ष कमी होतं, असा त्यांचा हिशेब.

अमेरिकेतच ५१ ते ७५ वयाच्या १३ हजारांहून अधिक लोकांवरचा हृदयविकाराचा अभ्यास २०१२ मध्ये आला. बेकार असलेल्यांना झटक्याचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, आणि काम सुटल्यानंतरचं पहिलं वर्ष त्यात विशेष वाईट. एकदा काम गेलेल्यांमध्ये धोका २२ टक्क्यांनी वाढलेला, चार किंवा जास्त वेळा गेलेल्यांमध्ये ६३ टक्क्यांनी. म्हणजे पुन्हा काम मिळालं तरी आधीचा घाव पुसला जात नाही, त्यावर पुढचा चढतो. कंत्राटावर काम करणाऱ्यांसाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. तुमच्या यादीत "याआधी किती वेळा काम सुटलं?" हा प्रश्न जरूर ठेवा.

मनाच्या बाबतीत कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर यांनी २००९ मध्ये शेकडो अभ्यास एकत्र तपासले. मानसिक त्रास असलेल्यांचं प्रमाण बेकारांत ३४ टक्के, कामावर असलेल्यांत १६ टक्के. ढोबळ मानाने दुप्पट.

आता या धाग्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. त्रास शेवटच्या दिवसापासून सुरू होत नाही, नोटीस लागल्यापासून होतो. स्टॅनिस्लाव कास्ल आणि सिडनी कॉब यांनी १९६० च्या दशकात बंद पडणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांचा रक्तदाब कामावर असल्यापासून मोजत नेला. काम जाणार हे कळल्यावर, माणूस अजून रोज कामावर जात असतानाच, दाब चढलेला होता. बेकारीतही तो तसाच राहिला आणि नवं, पक्कं काम लागल्यावर उतरला. आत्महत्यांबाबतही हेच दिसतं. ६३ देशांच्या २००० ते २०११ या काळातल्या आकड्यांत बेकारीचा दर वाढण्याच्या साधारण सहा महिने आधीच आत्महत्यांचा दर वाढू लागलेला आढळला.

त्यामुळे मदत केंद्र शेवटच्या दिवशी उघडायचा बेत असेल तर तो बदला. आत्ताच उघडा. माणसं अजून एका गेटातून ये-जा करताहेत. नंतर ती पांगतील आणि एकेकाला घरी जाऊन शोधावं लागेल.

---

पट्टा_आणि_पारा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. कंपनीतल्या आरोग्य तपासणीच्या कामाशी संबंध असल्याने थोडं विस्ताराने.

आधी कागद आणि गोळ्या. कारखान्याच्या दवाखान्यात प्रत्येकाच्या वार्षिक तपासणीची फाईल असते. ऐकण्याची चाचणी, फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी, छातीचा एक्स-रे, रक्ताचे अहवाल. कारखाना बंद झाला की ही कपाटं कुठे जातात याचा पत्ता लागत नाही. धूळ, धूर, रसायनं आणि आवाज यांमुळे होणारे आजार बऱ्याचदा काम सोडल्यावर अनेक वर्षांनी डोकं वर काढतात आणि तेव्हा पुरावा म्हणून हेच कागद लागतात. शेवटच्या दिवसाआधी प्रत्येकाने स्वतःच्या फाईलची प्रत लेखी अर्ज करून मागावी. कोणत्या खात्यात किती वर्षं काम केलं आणि कोणत्या पदार्थांशी संबंध आला, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावं.

गोळ्यांचं असं आहे की पैसे कमी पडले की माणूस आधी स्वतःच्या गोळ्या कमी करतो. घरच्यांनाही सांगत नाही. एक दिवसाआड घेणं, अर्धी तोडून घेणं, "बरं वाटतंय" म्हणून बंद करणं. काही औषधांत हे जिवावर बेततं:

- इन्सुलिन: टाइप १ मधुमेहात डोस चुकवले तर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचून माणूस बेशुद्ध होऊ शकतो.
- रक्तदाब आणि हृदयासाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या, तसंच क्लोनिडिन: एकदम बंद केल्यास नाडी आणि दाब उसळतो. हृदयरोग्याला झटक्यापर्यंत नेऊ शकतो.
- फिट्सच्या गोळ्या: बंद केल्या की फिट परत येते, कधी आधीपेक्षा जोरात.
- दम्याचा रोजचा पंप: लोक हा सोडतात आणि तात्पुरत्या आरामाचा पंप वाढवतात. मोठ्या अटॅकची सुरुवात बहुधा इथूनच होते.
- नैराश्यावरच्या गोळ्या: अचानक सोडल्यास चक्कर, बेचैनी, झोपमोड. माणसाला वाटतं आजार उलटला.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, "रोजच्या गोळ्या कोणत्या आणि किती दिवसांच्या शिल्लक आहेत?" कंपनीचा आरोग्य विमा कोणत्या तारखेला संपतो ते लेखी घ्या आणि त्याआधी डॉक्टरांना भेटून त्याच घटकाचं स्वस्त जेनेरिक औषध लिहून घ्यायला सांगा. परवडत नसेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. औषधं कमी करता येतात, पण कोणतं आणि कसं ते त्यांनी ठरवायचं.

रक्तदाब. एक दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र आणि एक वही एवढ्यावर हे काम होतं, पण मोजण्यात चुका फार होतात. आधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू आणि दगदग नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं शांत बसावं. हात टेबलावर, दंड छातीच्या पातळीत. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. मोजताना बोलायचं नाही, स्वयंसेवकानेही बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे.

अंगमेहनत करणाऱ्यांचे दंड जाड असतात. सोबत आलेला मध्यम पट्टा त्यांना तोकडा पडतो आणि दाब उगाच जास्त दिसतो. टेपने दंडाचा घेर मोजून पट्ट्यावर छापलेल्या मापाशी जुळवा आणि केंद्रावर मोठ्या मापाचा एक पट्टा ठेवाच.

एका आकड्यावरून कुणाला रक्तदाबाचा रुग्ण ठरवू नका. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून, पहिला दिवस सोडून सरासरी काढायची. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टर. १८०/१२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूला कमजोरी किंवा बोलण्यात अडखळणं असेल तर थेट रुग्णालय. लक्षणं नसतील तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वजन आणि ताकद. दिवसभर उभं राहून ओझी उचलणाऱ्याचं अंगातलं काम एकदम थांबतं, पानातलं जेवण तेवढंच राहतं. पोट सुटतं, पण दंड-मांड्या बारीक होतात, त्यामुळे काट्यावर कधी कधी काहीच फरक दिसत नाही. कंबरेचा घेर महिन्यातून एकदा मोजला तर कळतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण कामगारालाही लागू आहे. "मी तर कष्टाचं काम करतो, मला व्यायाम कशाला" ही सवय काम असेपर्यंत चालून जाते.

---

ऐकणारा_कान

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाबद्दल. "बरंय" हे उत्तर मिळतं कारण "कसे आहात?" या प्रश्नाचं रिवाजाचं उत्तरच ते आहे. शरीराकडून आत शिरा. "झोप किती वाजता लागते? मधेच जाग येते का? पहाटे उठून विचार सुरू होतात का?" याला लोक खरं उत्तर देतात. त्यानंतर नैराश्य ताडणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी वापरा. ती मोफत आहे, मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांत काय झालं ते विचारायचं आणि प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. एकूण २७. ५ च्या खाली चिंता नाही, ५ ते ९ ला दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या, १० आणि वर असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे. ही चाळणी आहे, निदान नव्हे, हे स्वयंसेवकांना पक्कं सांगा.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज न बघता पुढे विचारायचं. स्पष्ट शब्दांत: "जीव देण्याचा विचार मनात येतो का? कसा, कधी, काही ठरवलंय का?" विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. काही ठरवलेलं असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. घरातल्या एकाला त्याच्यासमोर, त्याच्या संमतीने फोन करा. घरातली कीटकनाशकं, साठवलेल्या गोळ्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा. आपल्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर टिपणाच्या पहिल्या पानावर छापा, आणि छापण्याआधी स्वतः फिरवून बघा.

आता "रिकामं बसू नका". ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची गिरणीवस्ती होती. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद पडली आणि जवळपास अख्खी वस्ती बेकार झाली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे केलेली पाहणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाली. वेळ मुबलक असूनही ग्रंथालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं होतं, तेही वाचनालयाची फी माफ केलेली असताना. पाहणी करणाऱ्यांनी घड्याळ लावून रस्त्यावरची चाल मोजली. पुरुष रेंगाळत, दोन-दोनदा थांबत चालायचे. बायका झपझप जायच्या, कारण घरकामाने त्यांचा दिवस बांधलेला होता. दिवसभर काय केलं ते लिहून द्या म्हटल्यावर पुरुषांना मोजक्या दोन-तीन गोष्टींपलीकडे आठवेना.

याहोडा यांनी पुढे यातूनच मांडलं की पगाराखेरीज काम पाच गोष्टी देतं: दिवसाला चौकट, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून काही करण्याचा हेतू, समाजातली ओळख आणि हात चालते राहणं. काम गेलं की पाचही एकदम जातात. यातलं काय गेलंय हे माणसागणिक बघा आणि तेवढंच भरून काढा. पाळीच्या दोस्तांशिवाय करमत नाही त्याला घरी बसून ऑनलाइन कोर्स देऊन उपयोग नाही.

करायचं काय, तर आठवडाभर तासातासाची नोंद. एका वहीत वेळ, काय केलं आणि मन कसं होतं याला ० ते १० गुण. आठवड्याने बघितलं की कुठल्या तासाला मन सर्वांत खाली जातं ते दिसतं. बऱ्याचदा ती जुन्या पाळीला निघण्याची वेळ असते. त्याच वेळेला घराबाहेरचं एक ठरलेलं काम टाका, माणसासोबतचं, १५-२० मिनिटांचं असलं तरी चालेल. मन लागेल तेव्हा करू, असं ठेवलं तर होत नाही. आधी कृती, मन मागून येतं.

झोपेसाठी एकच नियम सांगायचा असेल तर उठण्याची वेळ बांधा, झोपायची नव्हे. रात्र कशीही गेली तरी रोज त्याच वेळी उठून उजेडात जायचं. दुपारी २०-३० मिनिटांपेक्षा जास्त डुलकी नको, तीन वाजल्यानंतर तर नकोच. अंथरुणात २० मिनिटं तळमळत असाल तर उठून दुसरीकडे बसा, झोप आली की परत या. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते, आणि दुसऱ्या रात्री मग प्रमाण वाढतं. रात्रपाळी केलेल्यांचं घड्याळ रुळावर यायला वेळ लागतो. त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर चार दिवसांत सोडून देतात.

---

वहीखाते

वरचं सगळं मान्य, पण एक भर घालतो. पैशाची ओढाताण मधे न आणता मनाचं बोलणं अर्धवट राहतं. बेकारीतून नैराश्याकडे जाणारा सर्वांत मोठा रस्ता पैशाच्या चणचणीतूनच जातो. त्यातही, "नक्की किती कमी पडणार" हे माहीत नसणं जास्त पोखरतं.

पहिल्याच आठवड्यात एक पान भरून घ्या. हातात येणारी सगळी रक्कम (थकीत पगार, रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई) भागिले महिन्याचा किमान खर्च. जो आकडा येतो तेवढे महिने हातात आहेत. खर्चाचा क्रम: छप्पर, अन्न, औषधं, वीज-पाणी, मुलांचं शिक्षण, मग तारण असलेली कर्जं, शेवटी बिनतारण कर्जं. हप्ता चुकायच्या आधी बँकेला लेखी कळवलं तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते. चुकल्यानंतर बोलणं अवघड होतं.

हे पान नवरा-बायकोने एकत्र भरावं. ओढाताणीत दोघंही खचतात आणि मग घरातला आधारच टोमण्यांत बदलतो. "आज काही झालं का?" हा रोजचा प्रश्न बंद करून कामाच्या शोधाबद्दल बोलायला आठवड्यातला एक ठरावीक तास ठेवा.

---

ऐकणारा_कान

वहीखाते, तुमचं पान मी पीएचक्यूच्या आधी भरून घ्यायला सांगेन. पैशांबद्दल बोलून झालं की माणूस मनाबद्दल मोकळा होतो.

कामासाठी केलेल्या अर्जांना येणाऱ्या नकारांबद्दल लिहायचं राहिलं. मिशिगन विद्यापीठात १९८० च्या दशकात 'जॉब्स' नावाचा गटाचा कार्यक्रम तयार झाला. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत चार तासांची एक, अशा पाच बैठका. त्यात अर्ज-मुलाखतीच्या सरावाइतकाच भर "नकार आला तर काय करायचं" हे आधीच ठरवण्यावर होता. प्रत्येकाने आपल्याला कुठे अडकायला होईल ते सांगायचं, गटाने उपाय सुचवायचे, त्यातला एक निवडून तालीम करायची. चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांशी तुलना केली तेव्हा पुन्हा काम मिळणं आणि नैराश्य दोन्हींत फायदा दिसला, आणि ज्यांची स्थिती सुरुवातीला जास्त नाजूक होती त्यांना जास्त. १५-२० जणांचा गट, दोन प्रशिक्षक आणि त्यातला एक तरी स्वतः बेकारीतून गेलेला, एवढं जमलं तर तुमच्याकडेही होईल.

---

पाळी_दुसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. केंद्र या आठवड्यातच उघडायचं ठरवतो, गेटजवळ.

एक शेवटचं. पाच-सहा महिन्यांनी काम मिळालं, तेही भट्टीजवळ किंवा उन्हात, तर? लोक पहिल्याच दिवशी पूर्ण ताकद दाखवायला जातात.

---

पट्टा_आणि_पारा

बरं झालं विचारलंत. उष्णतेची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत होते आणि आठवडाभर दूर राहिलं की ओसरू लागते. महिनाभरात जवळपास सगळी जाते. त्यामुळे वीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूसही सहा महिन्यांनी परतला तर नवखाच धरायचा. उष्णतेने दगावणाऱ्या कामगारांत पहिल्या काही दिवसांतल्यांचं प्रमाण मोठं असतं, ते याचमुळे.

अमेरिकेतल्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेचा नियम वापरा. नवख्यासाठी पहिल्या दिवशी उष्ण जागेतलं काम नेहमीच्या २० टक्के, मग रोज फार तर २० टक्क्यांनी वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. थोड्या खंडानंतर परतलेल्या अनुभवी कामगारासाठी ५०, ६०, ८०, १०० असे चार दिवस. सहा महिन्यांचा खंड असेल तर नवख्याचाच नियम लावा. पाणी दर १५-२० मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न बघता. पहिला आठवडा शेजारी दुसरा माणूस हवाच. बडबडू लागला, तोल गेला, अंग तापलं तर घाम येत असला तरी उष्माघात धरून आधी अंगावर गार पाणी ओतायला सुरुवात करायची, गाडी बोलावणं त्याच वेळी दुसऱ्याने.

आणि कंबर, खांदे यांसाठी: रुजू होण्याच्या तीन-चार आठवडे आधीपासून ओझं उचलण्याचा सराव. पाण्याने अर्धी भरलेली बादली, गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून, दहा-दहा वेळा. दर आठवड्याला पाणी थोडं वाढवायचं. रक्तदाबाच्या किंवा पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उष्ण जागी रुजू होण्याआधी डॉक्टरांना विचारायला सांगा, कारण त्या गोळ्यांवर अंगातलं पाणी लवकर कमी पडतं.